'बरें जालें देवा निघालें दिवाळें' असं खरंच कुणाला वाटतं का?

रिकामा डबा | १४ मे, दुपारी ३.१०

राजेहो नमस्कार. एरवी मी इथे नुसता वाचून निघून जातो, आज लिहायची उबळ आली आणि दुसरं काही काम पण नाही, ते का नाही ते पुढे येतंच. मार्चच्या शेवटी माझी नोकरी गेली. १३ वर्षं एकाच ठिकाणी होतो. २० मिनिटांची मीटिंग, लॅपटॉप जमा करा, इथे सही करा, झालं. घरी सांगितलं नाही. आज सांगू उद्या सांगू करता करता दीड महिना होऊन गेला. रोज साडेनऊला डबा घेऊन निघतो, सीताबर्डीच्या बाजारात गाडी लावतो, कधी महाराजबाग, कधी वाचनालय, आणि ऊन डोक्यात जायला लागलं की मॉल. नागपूरचा मे काय असतो ते इथे वेगळं सांगायला नको, पारा ४५ च्या वर गेला की माणूस सावली सोडून दुसऱ्या कशाचाच विचार करत नाही. दीडला डबा खातो. बायकोचा फोन आला की कॅन्टीनमध्ये आहे म्हणतो.

फक्त दोन मित्रांना माहीत आहे आणि दोघांनी अगदी ठरवल्यासारखं एकच ऐकवलं, की बघ, अशाच वेळी माणसाला कळतं आपण कोण आहोत ते. म्हटलं ठीक आहे, वेळ भरपूर आहे, पाहूच. तेव्हापासून मोबाइलवर सिनेमे पाहून राहिलो आणि वाचनालयात कविता. सिनेमात तर खरंच कळतं लोकांना. नटरंगमध्ये विहिरीवर मोटर बसते आणि गुणाचं मजुरीचं काम जातं, मग तो तमाशाचा फड उभा करतो, राजाचं काम करायचं स्वप्न पाहणारा पैलवान गडी नाच्या होतो, घरदार इज्जत सगळं जातं पण आतला कलावंत सापडतो. माझंही काम गेलं, पण माझ्या आतून काही फडबिड निघाला नाही भाऊ.

मला काय सापडलं ते सांगतो. मला सापडलं की मी खोटं फार सफाईनं बोलतो. नुसतं कॅन्टीनमध्ये आहे म्हणून थांबत नाही, आज पनीर होतं, चांगलं बनवलं होतं, साहेब सुट्टीवर आहेत, असे तपशील घालतो. ४१ वर्षं मला वाटत होतं आपण सरळ माणूस आहोत. संकटात माणूस स्वतःला ओळखतो तो असा ओळखतो का? मग तुकोबा 'बरें जालें देवा निघालें दिवाळें' कसे म्हणाले? मला तर एकदाही बरं झालं असं वाटलं नाही.

(आयडी नवीन घेतलाय, कारण समजलंच असेल.)


पोट्टा क्रमांक १ | १४ मे, दुपारी ३.२६

भाऊ वाईट वाटलं. बाकी कविताबिविता आपल्याला समजत नाही पण महाराजबागेत दुपारी बसू नका, ऊन लागेल. मॉलमध्ये वरच्या मजल्यावर बसा, तिथे सिक्युरिटीवाले उठवत नाही.


निवृत्त मास्तरीण | १४ मे, सायंकाळी ६.४५

डबेवाले, तुमचा प्रश्न मला फार आवडला, शाळेत ३१ वर्षं मराठी शिकवली पण एकाही पोरानं हा प्रश्न विचारला नाही, मीही विचारला नाही म्हणा.

तो अभंग पूर्ण वाचा. 'बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली'. पुढे दुर्दशा बरी, अपमान बरा, धन गेलं, ढोरं गुरं गेली तेही बरं. बरें, बरी, बरें असं किती वेळा येतं ते मोजा. ज्याला खरोखर बरं वाटतं तो एवढ्या वेळा बोलून दाखवतो का? मला तरी त्यात स्वतःची समजूत घालणारा माणूस ऐकू येतो. वर्गात असं सांगितलं असतं तर वरून नोटीस आली असती, म्हणून इथे सांगते.

आणि त्यांचा दुसरा अभंग घ्या, ज्यात ते स्वतःची सगळी हकीकत सांगतात. १६३० च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ. 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. इथे एकदाही बरें नाही. आणि लगेच पुढची ओळ बघा, 'लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें । वेवसाय देखें तुटी येतां'. धंद्यात तूट आली आणि लाज वाटली. बायको उपाशी गेली त्याच्या शेजारी हा माणूस धंदा बुडाल्याची लाज लिहितो, ती लपवत नाही. तुम्ही महाराजबागेत डबा उघडता तेव्हा तुम्हाला जे वाटतं ना, ते हेच आहे. त्याच अभंगात सुरुवातीलाच म्हणतात की बोलू नये खरं तर, पण तुम्ही संतांनी विचारलं म्हणून सांगतो. विचारणारं कुणीतरी होतं.

तुम्हाला अजून कुणी विचारलं नाही, असं दिसतं.


सदाबहार | १४ मे, रात्री ९.०२

खूप सुंदर धागा!! दुःखातूनच खरी कला जन्मते. आपल्या नागपूरचेच उदाहरण घ्या. कवी अनिल यांच्या पत्नी कुसुमावती गेल्या आणि त्या निश्चल देहाकडे पाहून कवीने लिहिले 'अजुनी रुसून आहे, खुलता कळी खुले ना'. हे वाचून डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहत नाही. जरूर पुढे पाठवा.


धरमपेठचा म्हातारा | १४ मे, रात्री ९.४०

सदाबहार, अहो पुन्हा तेच. दर सहा महिन्यांनी हे पिल्लू व्हॉट्सॲपवर कुणीतरी सोडतं. कुसुमावतीबाई १९६१ मध्ये गेल्या. ती कविता त्याच्या कितीतरी आधीची आहे. रुसलेल्या जिवंत बायकोची कविता आहे ती, नवराबायकोचं भांडण झालंय, ती बोलत नाही, एवढंच. आपण तिला मारून टाकलं, कारण भांडणापेक्षा मरण जास्त काव्यात्मक वाटतं.

मला या धाग्यात हेच म्हणायचं होतं. त्रासातून कला येते असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा कला आधी आवडलेली असते आणि तिला साजेसा त्रास आपण मागाहून शोधून आणतो. ग्रेसचं 'ती गेली तेव्हा रिमझिम' लोक प्रेयसीचं समजून ऐकतात, कवितेत आई हा शब्द सरळ लिहिलाय तरी. कारण कॉलेजात आपल्याला सोडून आई गेलेली नसते, दुसरीच कुणीतरी गेलेली असते.

आता गंमत बघा, 'अजुनी रुसून आहे' गायलं कुमार गंधर्वांनी, आणि त्रासातून स्वतःचा सूर सापडल्याचं खरं उदाहरण हवं असेल तर ते हे. १९४७ च्या सुमारास क्षय झाला, एक फुप्फुस निकामी, देवासला कोरड्या हवेसाठी नेऊन ठेवलं, वर्षानुवर्षं गायला बंदी. ऐन तेविशी-चोविशीत. पडल्या पडल्या बाहेरून जाणाऱ्या बायकांची, भिकाऱ्यांची माळवी गाणी कानावर येत राहिली. पुढे परत गायला लागले तेव्हा दमच तेवढा उरला नव्हता, म्हणून छोट्या छोट्या तुकड्यांत गाणं आलं. ते माळव्याचं लोकसंगीत, ते निर्गुणी कबीर, सगळं त्या खाटेवरून आलं. पण नीट बघा, आजारानं त्यांना गाणं दिलं नाही. आजारानं गाणं बंद केलं, आणि बंद झाल्यामुळे ऐकणं सुरू झालं. या दोन गोष्टींत फरक आहे.


सदाबहार | १४ मे, रात्री ९.५१

माहिती नव्हती सर. पण ग्रुपमध्ये सर्वांना आवडली होती.


गृहकृत्यदक्ष | १४ मे, रात्री ११.१५

म्हातारेबाबा छान लिहिलंत, फक्त एक गोष्ट राहिली. कुमारांची ती सगळी वर्षं त्यांच्या पत्नी भानुमतीबाई त्यांची सेवा करत होत्या. तुकोबा डोंगरावर जायचे आणि आवली भाकरी घेऊन मागे चालायची असं सांगतात ना, प्रभातच्या १९३६ च्या संत तुकारामात ती गौरीनं काय केली आहे, मी तो सिनेमा फक्त तिच्यासाठी पुन्हा पुन्हा बघते. शेवटी विमान वर जातं आणि ती खालीच. ज्यानं कुणी स्वतःला शोधलं त्याच्या मागे कुणीतरी खिचडी टाकत होतं, असं मला नेहमी दिसतं, आणि त्या खिचडीवालीला काय सापडलं ते कुणी विचारत नाही.

बाईच्या त्रासाला आपण आत्मशोध म्हणतच नाही, संसार म्हणतो. बहिणाबाईंचं 'आधी हाताला चटके तंव्हा मिळते भाकर' लग्नाच्या पत्रिकेवर छापतात लोक, जशी काही चटक्यांची जाहिरात आहे. त्यापेक्षा त्यांच्या दुसऱ्या ओळी बघा. नवरा गेला, कुंकू पुसलं, तर म्हणतात 'लपे करमाची रेखा माझ्या कुंकवाच्या खाली, पुशीसनी गेलं कुंकू, रेखा उघडी पडली'. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोळ्या लाटत होते, पोळी करपली. लिहिता न येणारी बाई, शेतात घरात राबता राबता हे म्हणून जाते, मुलगा टिपून ठेवतो, आणि पुस्तक निघतं १९५२ मध्ये, ती गेल्यावर वर्षभरानं. कुंकवाखाली झाकलेलं होतं ते दिसलं, एवढंच म्हणते ती. चांगलं दिसलं म्हणत नाही, मी घडले म्हणत नाही.

आणि सिनेमात म्हणाल तर उंबरठा (१९८२). सुलभा घर सोडून सुधारगृहात अधीक्षक म्हणून जाते, तिथली घाण बघते, हरते, परत येते तर नवऱ्यानं दुसरी सोय करून घेतलेली. मग पुन्हा बाहेर पडते. 'सुन्या सुन्या मैफिलीत' आपल्या सुरेश भटांचं, ते त्याच सिनेमातलं. पहिल्यांदा घर सोडताना ती काहीतरी करायला निघालेली असते आणि दुसऱ्यांदा तिला फक्त एवढं कळलेलं असतं की इथे राहता येणार नाही. स्मिता पाटीलच्या चेहऱ्यावर त्या वेळी विजयबिजय काही नाही.

डबेवाले दादा, तुमचा डबा रोज सकाळी कोण भरतं हो?


रिकामा डबा | १५ मे, सकाळी ११.३०

गृहकृत्यदक्ष ताई, कळलं मला. ती पण नोकरी करते, साडेसहाला उठून दोघांचा डबा करते. वाचून बराच वेळ फोन खाली ठेवून बसलो.


गड्डीगोदाम एक्स्प्रेस | १५ मे, दुपारी १२.२०

इथं नागपूरचा धागा आहे आणि झुंडचं नाव कोणीच नाही घेऊन राहिलं, काऊन बे? पिक्चर आपल्या शहरात शूट झाला, पोट्टे आपले, आणि ज्याच्यावरून काढला ते विजय बारसे सर इथलेच, हिस्लॉप कॉलेजला स्पोर्ट्स शिकवायचे. २००१ मध्ये पावसात झोपडपट्टीतली पोट्टी फुटकी बादली लाथाडत खेळून राहिली होती ते त्यांनी पाहिलं आणि तिथून स्लम सॉकर सुरू झालं.

आता यात हार्डशिप कुठं आहे सांगा? हार्डशिप तर त्या पोट्ट्यांना जन्मापासून होतीच ना. त्यानंच जर माणूस घडत असता तर आमच्या मोहल्ल्यात एवढ्यात पन्नास संत आणि शंभर कवी निघाले असते. निघाले कोण, दारू विकणारे, मोबाइल ओढणारे. पिक्चरमध्ये सर त्यांना खेळायचे पैसे देतात. रोज खेळा, पैसे घ्या. आणि एक दिवस पैसे बंद करतात, तर पोट्टे म्हणतात फुकट खेळू. मला त्या सीनला जे झालं ते कशालाच झालं नाही. त्रास तोच, झोपडी तीच, नाली तीच. फक्त एक बॉल आला आणि एक बघणारा माणूस आला.

डबेवाले भाऊ, तुमच्याकडे त्रास आहे, बॉल नाही. असं माझं मत.


दीक्षाभूमीच्या वाटेवर | १५ मे, दुपारी २.०५

गड्डीगोदामभाऊंशी सहमत, आणि थोडं पुढे जाऊन बोलतो, कडू लागलं तर माफ करा.

'त्रास' हा शब्दच मला इथे खटकतोय. जणू काही तो पावसासारखा वरून पडतो. नोकरी जाणं हा त्रास आहे हे मान्य. पण फँड्रीतल्या जब्याला जे होतं तो त्रास नाही, तो कुणीतरी केलेला अपमान आहे, करणाऱ्यांना नावं आहेत, चेहरे आहेत, ते कंपाउंडवर बसून हसत असतात. डुक्कर पकडताना तो शाळेच्या पोरीपासून लपत राहतो, आख्खा सिनेमाभर लपतच असतो, त्या पोरीला भुलवायला चिमणीची राख शोधत असतो, गोरा व्हायचं असतं त्याला. शेवटी दगड उचलतो आणि तो दगड सरळ आपल्या अंगावर येतो. त्याला स्वतःबद्दल काय कळलं म्हणाल तर हे, की लपायचं कारण त्याच्यात नव्हतंच, समोर होतं.

वामन निंबाळकरांची गावकुसाबाहेरील कविता (१९७३), यशवंत मनोहरांचं उत्थानगुंफा (१९७७), दोघंही आपल्या नागपूरचे. त्या कवितेतला 'मी' एकटा बसून स्वतःला शोधत नाही. त्याच्या मागे १४ ऑक्टोबर १९५६ आहे, लाखो माणसं एका दिवशी एका मैदानावर उभी राहून सांगतात की आजपासून आम्ही वेगळे. माझे आजोबा होते त्यात, दोन दिवस पायी चालत आले होते म्हणायचे. त्यांना दुःखानं शहाणं केलं असं कुणी म्हटलं असतं तर त्यांनी चप्पल काढली असती. त्यांना शहाणं बाबासाहेबांनी केलं.

म्हणून मला दुःखाचे आभार मानणाऱ्या कविता आवडत नाहीत. सुरेश भटांना लहानपणी पोलिओ झाला, पायानं अधू झाले, त्यावरून लोक त्यांची गझल समजावून सांगतात, तेही मला पटत नाही. त्या माणसानं भीमवंदना लिहिली, धम्म घेतला, तो काय पायाच्या दुखण्यामुळे?


धरमपेठचा म्हातारा | १५ मे, दुपारी ३.३०

भटांच्या बाबतीत पूर्ण सहमत. एल्गार नावाचा संग्रह काढणाऱ्याला आपण बिचारा करून टाकतो. आता रेशीमबागेत त्यांच्या नावाचं केवढं मोठं सभागृह झालं, तिथे कार्यक्रमाला गेलं की निवेदक पहिलं वाक्य पोलिओचंच बोलतो, मी मोजून तीनदा ऐकलंय.


दुबार पेरणी | १५ मे, रात्री ८.१०

मी मूळचा यवतमाळकडचा, नोकरीनं नागपुरात. आमच्याकडच्या त्रासावर गाभ्रीचा पाऊस नावाचा सिनेमा आहे, २००९ चा. पाह्यला नसंल तर पाहा. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिला आणि किसनाच्या बायकोले भीती बसते का आता माह्या नवऱ्याचा नंबर. मग ती पोराले त्याच्या मागं लावते. बाबा जाईल तिथं जाय. घरात काही नाई तरी गोडधोड करते, हसवते त्याले. तो बिचारा पेरणीच्या मागं, पाऊस येत नाई, मग नको तेव्हा येतो.

त्या पिक्चरमधी कोणाले स्वतःला शोधाले टाइमच नाई राजेहो. बियाणं कुठून आणू, उधारी कोण देईल, मोटर चालंल का, हेच. माह्या बापाले मी कधी विचारलं नाई का बा तुले आयुष्यात काय सापडलं. विचारलं असतं तर म्हणाला असता बैल सापडला होता हरवलेला. आत्मशोध म्हणजे दुपारी सावलीत बसाले मिळालेल्या माणसाचं काम आहे असं मले वाटते. डबेवाले भाऊ राग मानू नका, तुमच्याजवळ दीड महिना सावली होती म्हणून तुमाले हा प्रश्न पडला. प्रश्न खोटा आहे असं नाई म्हणत.


रिकामा डबा | १५ मे, रात्री १०.४५

राग कसला, बरोबर आहे. सेव्हिंगमधून दर महिन्याला पगाराच्या तारखेला पैसे घरखात्यात टाकून राहिलो म्हणून हे सगळं जमतंय. जूनपर्यंत जमेल. शाळेची फी आली की नाही जमणार.


वॉर्ड नंबर ७ | १६ मे, पहाटे ४.५०

नाइट ड्यूटी आहे, आता जरा शांत आहे म्हणून लिहिते. मी नर्स आहे, १७ वर्षं झाली. आजारपणानं माणूस बदलतो, स्वतःला ओळखतो वगैरे मी रोज ऐकते, नातेवाइकांकडून जास्त, पेशंटकडून कमी. दुखत असताना माणसाला फक्त दुखणं थांबायला हवं असतं. बहुतेक जण चिडचिडे होतात, सुनेला शिव्या देतात, आमच्या अंगावर ताट फेकतात. बरे होऊन गेले की पंधरा दिवसांत पहिल्यासारखेच. थोडे असतात, अगदी थोडे, जे काहीतरी वेगळे होऊन जातात, पण ते कोणते होणार हे आधी सांगता येत नाही. शांत वाटणारा कोसळतो, आणि एखादी सारखी रडणारी बाई शेजारच्या खाटेला पाणी पाजताना दिसते.

मला सिनेमातलं खरं वाटलेलं हॉस्पिटल म्हणजे श्वास. कोकणातले आजोबा नातवाला शहरात घेऊन येतात, डोळ्याचा कॅन्सर, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल पण दिसणार नाही. आणि डॉक्टर म्हणतात मुलाला आधी सांगितलं पाहिजे. सांगायचं कुणी? आजोबांच्या तोंडातून शब्द निघत नाही. सगळा सिनेमा ऑपरेशनचा नाहीच, सांगण्याचा आहे. शेवटी ते पोराला घेऊन पळतात आणि दिवसभर शहर दाखवतात, जेवढं डोळ्यांत मावेल तेवढं. आम्ही नर्सेस मिळून थिएटरला गेलो होतो, एकीनंही इंटरव्हलला काही खाल्लं नाही.

मास्तरीणबाईंनी वर लिहिलं ना, विचारलं म्हणून सांगतो, ते मला फार लागलं. दुःखानं काही होत नाही हो दादा, ते नुसतं पडून राहतं. ते कुणालातरी सांगावं लागतं तेव्हा कुठे त्याला आकार येतो, आपल्यालाही तेव्हाच कळतं काय झालंय ते. कवी कागदाला सांगतो. तुम्ही आम्हाला सांगितलंत, चांगलं केलंत, पण आम्ही कोण? तुमच्या घरात एक माणूस आहे जिचं आयुष्य बदललंय आणि तिलाच ठाऊक नाही.

बेल वाजली, जाते.


तानपुरा विकणे आहे | १६ मे, सकाळी १०.००

वॉर्ड ७ ताईंना सलाम, पण सांगितल्यानं आकार येतो वगैरे मला सरसकट पटत नाही. कधीकधी सांगूनही हातात काहीच येत नाही, आणि त्यावर पण एक सिनेमा आहे. चैतन्य ताम्हाणेचा द डिसायपल. शरद नेरुळकर, शास्त्रीय गायक व्हायचंय, गुरूची सेवा, उपास, रियाज, रात्री रिकाम्या रस्त्यावर बाइक चालवत गुरूच्या गुरू माईंची जुनी व्याख्यानं ऐकतो, ज्यात सांगितलंय की तपश्चर्या करा, एकटेपणा सोसा. सोसतो बिचारा. वर्षानुवर्षं सोसतो. आणि शेवटी त्याला समजतं की आपल्यात ते नाहीच.

मी ११ वर्षं गाणं शिकलो. सकाळी ५ चा रियाज, जानेवारीत सुद्धा. नोकरी धरली नाही, लग्न पुढे ढकललं. एक दिवस स्वतःचंच रेकॉर्डिंग ऐकत होतो आणि समजलं. कुणी काही बोललं नाही, मलाच समजलं. हा पण स्वतःचा शोधच आहे ना? पण हा लागला की त्याला कुणी आत्मशोध म्हणत नाही, लोक म्हणतात हरला. सिनेमाच्या शेवटी तो लोकलमध्ये बायको-मुलीबरोबर बसलेला असतो आणि एक भिकारी गात जातो, ते बघून मी घरातल्या तानपुऱ्यावर दोन दिवस चादर टाकून ठेवली होती. आयडी तेव्हाचाच आहे. तानपुरा अजून विकला नाही, गिऱ्हाईक येतात, मी जास्त किंमत सांगतो.


निवृत्त मास्तरीण | १६ मे, सकाळी ११.२०

तानपुरेवाले, किंमत जास्तच सांगत चला.


संध्याकाळचा | १६ मे, संध्याकाळी ७.१५

ग्रेसवर कुणीतरी अजून बोलेल म्हणून वाट बघत होतो. नागपूरच्या धाग्यात ग्रेस एका ओळीत आटपतात म्हणजे काय! मला सांगा, 'भय इथले संपत नाही' यात कुठला शोध लागतो? पहिल्या चार शब्दांत सांगून टाकलंय की संपत नाही. मालिकेचं शीर्षकगीत होतं तेव्हा घराघरात वाजायचं, आणि कुणालाही अर्थ न सांगता सगळ्यांना कळायचं. मला वाटतं हीच त्या माणसाची थोरवी, त्यानं दुःखाचं काहीही केलं नाही. शहाणपण नाही, धडा नाही, क्रांती पण नाही. ते तसंच ठेवलं आणि त्याच्या आजूबाजूला शब्द लावत गेला, देवघर झाडल्यासारखे.

नाव सुद्धा बघा, माणिक गोडघाट्यांनी ग्रेस हे नाव घेतलं ते एका इंग्रजी सिनेमावरून, इन्ग्रिड बर्गमनचा द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस. त्यातली ती बाई चीनमध्ये युद्धाच्या काळात शंभरेक अनाथ पोरांना डोंगर ओलांडून नेते. सिनेमाचं आणि कवितेचं विचारत होता ना, घ्या, एका सिनेमातून आख्खा कवी निघाला.

(दुर्बोध म्हणणाऱ्यांनी येऊ नये, पंचवीस वर्षं तो वाद घालून झाला आहे.)


पोट्टा क्रमांक १ | १६ मे, संध्याकाळी ७.३२

दुर्बोध आहे पण.


संध्याकाळचा | १६ मे, संध्याकाळी ७.३३

बस बे.


रिकामा डबा | २२ मे, सकाळी १०.०५

उशीर झाला यायला. सगळ्यांचं वाचलं, काही दोनदोनदा.

रविवारी सांगितलं. ठरवून नाही, गच्चीतल्या कूलरमध्ये पाइपानं पाणी भरत होतो, ती कपडे काढायला आली, आणि तोंडातून निघालं. मी पाठमोराच होतो, बरं पडलं. तिनं पहिलं विचारलं कधीपासून. मग बराच वेळ काही नाही. कूलर भरून वाहायला लागला तरी नळ बंद करायचं दोघांना सुचलं नाही.

मला वाटलं होतं पैशांचं विचारेल, फीचं विचारेल. तिनं विचारलं, म्हणजे ते पनीर? मला आधी समजलंच नाही. झालं असं की मी कॅन्टीनच्या पनीरचं इतकं रंगवून सांगितलं होतं की तिला वाटलं आपल्या डब्याला मी कंटाळलोय. मागच्या महिन्यात दोन शनिवार ती ऑफिसमधून येताना पनीर घेऊन आली, कुणालातरी विचारून तसं करायचा प्रयत्न केला, आणि मी खाऊन म्हटलं होतं, कॅन्टीनसारखं नाही झालं पण चांगलं आहे. हे माझ्या लक्षात पण नव्हतं. नोकरी गेली ते तिनं तासाभरात पचवलं, वही घेऊन खर्च मांडला, गाडीचा हप्ता, फी, किराणा, सगळं. पनीरचं मात्र अजून नाही. तीन दिवस कामापुरतंच बोलून राहिली.

धरमपेठच्या बाबा, रुसलेल्या जिवंत बायकोची कविता आता मला समजली, मेलेल्या बायकोपेक्षा ती अवघड आहे.

आज सकाळी डबा एकच भरला होता, तिचा. साडेनऊला ती गेली. मी घरातच. ५३ दिवसांनी या वेळेला घरात होतो आणि कुठल्या खोलीत बसावं ते कळेना, थोडा वेळ जिन्यात बसलो.


गृहकृत्यदक्ष | २२ मे, सकाळी १०.४०

ओट्यावर काल रात्रीची भांडी असतील. बघा जरा.


पोट्टा क्रमांक १ | २२ मे, सकाळी १०.५२

आणि भाऊ कूलर आत्ताच भरून ठेवा, दुपारी नळ जातो.